काटा शून्यावर, गाडी साठावर

स्पीडोमीटर बंद पडलाय म्हटलं की बहुतेक ठिकाणी दोनच उत्तरं मिळतात. मीटरचा अख्खा सेट बदला, नाहीतर सेन्सर टाकून बघू, चालला तर चालला. मला दोन्ही मिळाली, तीही बॉनेट न उघडता. बिघाड नेमका कुठं आहे हे शोधायला फार मोठी यंत्रं लागत नाहीत, क्रम मात्र लागतो. तो क्रम मला सोलापुरातल्या अशोक चौकाजवळ गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका वायरमननं, अण्णांनी, दाखवला. कुणाच्या तरी कामी यावा म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचा शालेय गणवेशांचा व्यवसाय आहे. चादर आणि टॉवेल सगळ्यांना माहीत असतात, पण सोलापुरात गणवेश शिवणाऱ्यांचीही मोठी वस्ती आहे. जून तोंडावर आला की माझी गाडी अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, पंढरपूर अशी सतत रस्त्यावर. गाडी 2011 ची, लहान पेट्रोल हॅचबॅक, इंजिनची ताकद पुढच्या चाकांना, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. हे तपशील मुद्दाम देतेय, कारण पुढचं सगळं शोधकाम त्यावरच अवलंबून आहे. माल पोचवण्याचा खर्च मी किलोमीटरवर धरते. पेट्रोल भरलं की वहीत आकडा लिहायचा, ही सवय लग्नाआधीपासूनची, वडिलांनी लावलेली. त्यामुळे काटा बंद झाल्यापेक्षा त्याच्या खालचे किलोमीटर थांबले, हे मला जास्त लागलं.

अक्कलकोट रोडला वळसंगच्या अलीकडे काटा साठवरून एकदम शून्यावर आला. गाडी चालूच, आवाजात फरक नाही. पुढे चाक एका खड्ड्यात आदळलं तसा काटा पुन्हा उठला, थोडा वेळ नीट चालला आणि परत बसला. मग रोज तेच. सकाळी चालायचा, दुपारी नाही. स्पीडब्रेकरवर जागा व्हायचा, वळणावर पडायचा. पहिला पाऊस झाला आणि काटा जो बसला तो बसलाच.

अण्णांकडे जाण्याआधीच मी एक गोष्ट केली होती, ती पुढे फार उपयोगी पडली. काय बंद आहे आणि काय चालू आहे, हे वहीत लिहून ठेवलं. वेगाचा काटा बंद, ओडोमीटर (एकूण किलोमीटर) बंद, ट्रिपमीटर (एका फेरीचे किलोमीटर) बंद. आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा चालू, पेट्रोलचा काटा चालू, मीटरमधले दिवे सगळे लागतात. दोन नव्या खोडीही होत्या. आसरा चौकात सिग्नलला गाडी थांबवताना इंजिनचे आरपीएम खाली जायचे, गाडी बंद पडते की काय वाटायचं, मग सावरायची. आणि काही दिवसांनी डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. ज्या गॅरेजात मी हे सांगितलं तिथं त्यांना वाटलं तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींचा वेगवेगळा खर्च सांगण्यात आला. "मीटरच गेलाय हे कशावरून?" असं विचारल्यावर उत्तर आलं नाही. मी गाडी परत आणली.

मधल्या काळात गाडी चालवावी तर लागत होती. फोनवरचं जीपीएसचं ॲप वेग दाखवतं, पण वेग कमी-जास्त केला की ते क्षणभर मागे राहतं. शिवाय चालवताना फोनकडे बघणं मला पटत नाही. मी आरपीएमचा आधार घेतला. माझ्या गाडीत पाचव्या गियरला 2000 आरपीएमला साधारण ताशी 60 पडतात, हे पूर्वी बघून ठेवलं होतं. गियर तोच राहिला तर हे गणित बदलत नाही, क्लच मात्र घसरता नको. तरी ही सोय तात्पुरतीच. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 117 वाहनाला स्पीडोमीटर असणं बंधनकारक करतो. वेगमर्यादा ओलांडली तर मोटारीला 1000 ते 2000 रुपये दंड आहे. "मीटर बंद होता" हे उत्तर तिथं चालत नाही, आणि चालूही नये. शाळा सुटायच्या वेळेला मी त्याच शाळांच्या दारात गाडी घेऊन उभी असते.

अण्णांची शेड लहान आहे, दोन गाड्या मावतील एवढी. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि शेजारच्या मिस्त्रीशी कन्नड मिसळलेलं काहीतरी तिसरंच. माझी वही त्यांनी शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "अक्का, मीटर जित्ता हाय. मीटर मेला असता तर पेट्रोलचा काटा कशाला उठंल? ह्याला खालनं कुणी सांगंनाच झालंय, किती पळायलोय म्हणून."

हे एक वाक्य म्हणजे निम्मं निदान होतं. मीटरमध्ये वेगाचा काटा एका छोट्या मोटरवर फिरतो, किलोमीटरचे आकडे वेगळ्या पडद्यावर येतात. दोन वेगळ्या गोष्टी एकाच क्षणी बिघडण्यापेक्षा दोघांना मिळणारा संदेशच तुटलेला असणं जास्त शक्य. काटा पडलाय पण किलोमीटर वाढताहेत, असं असतं तर मात्र संशय मीटरवर गेला असता. त्यात इंजिनचा दिवा आणि सिग्नलला पडणारे आरपीएम. वेगाचा तोच संदेश इंजिनच्या कंप्युटरलाही, म्हणजे ईसीयूलाही जातो. गाडी थांबत आलीय की धावतेय हे त्याला त्यावरून कळतं आणि तो त्याप्रमाणे इंजिनचा आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता फिरण्याचा वेग सांभाळतो. तीन दुखणी नव्हतीच. एकच होतं, तीन ठिकाणी दिसत होतं.

संदेश कसा निघतो तेही अण्णांनी सांगितलं, आणि मी घरी येऊन आणखी वाचलं. पुढच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल गियरबॉक्सच्याच पोटात असतो. त्याच्यावरच्या एका गियरला सेन्सरचा छोटा प्लास्टिकचा गियर लागलेला असतो. चाकं फिरली की तो फिरतो, त्याच्याबरोबर सेन्सरमधलं चुंबक फिरतं आणि आतला हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक ओळखणारा भाग, चालू-बंद, चालू-बंद असे विजेचे ठोके, म्हणजे पल्स पाठवतो. जपानी पद्धतीच्या पुष्कळ गाड्यांत सेन्सरचा दांडा एका किलोमीटरला 637 फेरे मारतो आणि एका फेऱ्याला 4 पल्स देतो. म्हणजे किलोमीटरला 2548 पल्स. ताशी 60 ला सेकंदाला 42 च्या आसपास. मीटर हे पल्स मोजतो. किती भराभर येताहेत त्यावर काटा, एकूण किती आले त्यावर किलोमीटर. बास, एवढाच कारभार.

आता साखळी डोळ्यांसमोर आली: गियर, सेन्सर, कपलर (वायरींचा काढता-घालता येणारा जोड), वायर, आणि पुढे वायरला फाटा फुटून एक बाजू मीटरला, दुसरी ईसीयूला. सोलापूरकराला हे वेगळं समजवायला नको. नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी नळ बदलत नाही. शेजारी आलंय का विचारतो, मग व्हॉल्व्ह सोडलाय का बघतो. इथं मीटर आणि ईसीयू हे दोन शेजारी होते. ईसीयूला वेग कळतोय का, हे विचारायचं होतं.

त्यासाठी माझ्या भाच्याकडचं ब्लूटूथवर चालणारं, ईसीयूनं नोंदलेले दोष वाचणारं छोटं ओबीडी यंत्र आणलं. स्टिअरिंगच्या खाली जे सॉकेट असतं त्यात ते बसतं आणि फोनवर वाचन दिसतं. कोड आला पी 0500, म्हणजे वेगाच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. इथंच लोक फसतात, असं माझं स्पष्ट मत आहे. कोडमध्ये सेन्सरचं नाव दिसलं की दुकानातून सेन्सर आणला जातो. कोड फक्त एवढंच सांगतो की ईसीयूला वेगाचा संदेश मिळत नाही. सेन्सर मेला, त्याचा गियर झिजला, कपलरला गंज चढला, वायर तुटली, तरी कोड तोच येणार. म्हणून कोडवर न थांबता लाइव्ह डेटा, म्हणजे ईसीयूला त्या क्षणी काय दिसतंय ते बघितलं. भाचा शेजारी बसला, मी गाडी होटगी रोडला नेली. फोनच्या जीपीएसवर 40, आणि यंत्रावर वेग शून्य. तो शून्यावरून हललाच नाही. ईसीयूलाही कळत नव्हतं, म्हणजे बिघाड फाट्याच्या अलीकडे, गियरबॉक्सच्या बाजूला होता. यंत्रावर 40 दिसले असते तर सगळा शोध उलट दिशेनं, मीटरच्या मागच्या कपलरकडे गेला असता.

मीटर काढायचा विषय तिथंच संपला. सेट बदलला असता तर नव्या मीटरचाही काटा शून्यावर बसला असता. आणि जुने 90 हजारांवरचे किलोमीटर जाऊन कुणाच्या तरी गाडीचे किंवा कोरे शून्य आकडे माझ्या गाडीत आले असते, ते मला मुळीच नको होतं.

पुढचं काम अण्णांच्या शेडमध्ये झालं. आधी फ्यूज. तो नुसता डोळ्यांनी बघायचा नाही. टेस्ट लॅम्प फ्यूजच्या वरच्या दोन्ही टोकांना लावून बघायचा, दोन्हीकडे लागला तर फ्यूज धड. लागला. मग एअर फिल्टरचा डबा काढला. त्याच्याखाली गियरबॉक्सवर, हात जेमतेम पोचेल अशा जागी, सेन्सर बसलेला. त्यावर तीन वायरींचा कपलर. एक 12 व्होल्टची, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. धूळ आणि तेल मिळून सगळ्यावर काळा थर. अण्णांनी ब्रशनं तो आधी स्वच्छ केला आणि मगच कपलरच्या कुलपाला हात लावला. म्हणाले, "घाणीत कपलर उघडला की घाण आत जाती, मग नवा आजार."

मल्टीमीटर लावायची सुई जाड होती, कपलरच्या मागून शिरेना. माझ्या पर्समध्ये टाचण्या असतातच, धंदाच तो. बारीक टाचणी वायरच्या कडेनं कपलरच्या मागच्या रबरातून हळूच आत सरकवली आणि टाचणीच्या डोक्याला मल्टीमीटर लावला. वायरचं कव्हर टोचून बघणारे पुष्कळ आहेत, अण्णा तसं करू देत नाहीत. त्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षभरात तांबं सडतं. सिग्नलच्या वायरवर टेस्ट लॅम्पही लावायचा नाही. त्याचा बल्ब करंट ओढतो आणि पुढे ईसीयू आहे. तिथं मल्टीमीटरच.

चावी फिरवली, इंजिन बंदच ठेवलं. पहिली वायर: 12.3 व्होल्ट. अर्थिंग त्या वायरशी जोडून बघितलं: पुन्हा 12.3. म्हणजे सेन्सरला जेवण मिळतंय, अर्थिंगही पक्कं आहे. तिसरी, सिग्नलची वायर. कपलर सुटा असताना ईसीयूच्या बाजूनं तिच्यावर 5 व्होल्ट उभे असायला हवेत. सेन्सर ते 5 व्होल्ट खाली ओढतो, सोडतो, खाली ओढतो, सोडतो, आणि त्यातूनच पल्स तयार होतात. हे 5 खरंच असतात का, याची खात्री अण्णांनी शेडमधल्या दुसऱ्या, त्याच मॉडेलच्या गाडीवर करून दाखवली. तिथं 4.9 आले. माझ्या गाडीत शून्य.

"बगा अक्का," अण्णा म्हणाले, "सेन्सर अजून तपासलाच न्हाई, तरी कळलं. वायरच रिकामी हाय."

मला वाटलं आता वायर शोधायची. पण त्यांनी थांबवलं. वायर शून्य दाखवते याची दोन कारणं असू शकतात. वायर मधे तुटलेली असेल, किंवा कुठंतरी बॉडीला टेकून 5 व्होल्ट जमिनीत जात असतील. दोन्हींचा इलाज वेगळा. बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, मल्टीमीटर ओहमवर घेतला, सिग्नलची वायर आणि बॉडी यांच्यामध्ये बघितलं. आवाज नाही, आकडा नाही. शॉर्ट नव्हता. मग वायरच्या दुसऱ्या टोकापर्यंत, ईसीयूच्या कपलरपर्यंत लांब वायर लावून बीप बघितला. तिथंही शांतता. वायर तुटलेली, हे पक्कं.

तुटली कुठं? मी एका हातानं मल्टीमीटर धरला, अण्णा हार्नेस, म्हणजे टेप गुंडाळलेला वायरींचा जुडगा, वीत वीत धरून हलवत आले. गियरबॉक्सकडून वर, बॅटरीच्या ट्रेखालून. ट्रेच्या पत्र्याचा ब्रॅकेट जिथं वळतो तिथं त्यांनी हार्नेस दाबला आणि मल्टीमीटर क्षणभर वाजला. सोडला, बंद. पुन्हा दाबला, पुन्हा वाजला. खड्ड्यात काटा का उठायचा, ते तिथं उभ्या उभ्या समजलं.

हार्नेसची टेप सोडली. बाहेरून वायर अखंड दिसत होती. फक्त एका जागी कव्हर चपटं झालेलं आणि नखानं दाबलं की तिथं मऊ लागायचं, आत काही नसल्यासारखं. अण्णांनी ब्लेडनं लांबीच्या बाजूनं कव्हर चिरलं. आत तांब्याच्या तारांचे दोन झुपके समोरासमोर, मधे तांदळाच्या दाण्याएवढं अंतर, आणि टोकांवर हिरवट निळी पूड. ती पूड बोटाला लागली. इंजिन आपल्या माउंटिंगवर सतत हलत असतं, हार्नेसचं एक टोक त्याच्यासोबत हलतं आणि दुसरं बॉडीला बांधलेलं. मधला भाग रोज वाकतो. तो धरून ठेवायला कंपनीतून एक प्लास्टिकची क्लिप असते. आदल्या वर्षी बॅटरी बदलली तेव्हा ती क्लिप तुटली असणार, कारण तिचं निम्मं तुकडं ब्रॅकेटच्या भोकात अजून अडकलेलं होतं. तेव्हापासून हार्नेस पत्र्याच्या धारेवर टेकत होता. तारा एक एक करून तुटत गेल्या, शेवटी दोन-चार उरल्या त्या खड्ड्यात जुळायच्या, वळणावर सुटायच्या. पावसाचं पाणी शिरलं आणि त्याही गेल्या.

जोडण्याआधी सेन्सर चालतो का, हे बघायचं राहिलं होतं. वायर जोडून गाडी पळवून बघितली असती तरी कळलं असतं, पण अण्णांना एकेक पायरी तपासायची सवय आहे आणि मलाही ती आवडली. सेन्सरचा बोल्ट काढून सेन्सर वर ओढला, थोडं गियर ऑइल आलं, ते पुसलं. प्लास्टिकच्या गियरचे दात बोटानं चाचपले, सगळे धड. हे दात झिजले असते किंवा गियर दांड्यावर सैल झाला असता तर सगळे व्होल्ट बरोबर येऊनही काटा हलला नसता. रबरी ओ-रिंग कडक झाली होती, ती नवी टाकली आणि सेन्सर परत बसवला.

वायर जोडताना अण्णा हिरवं पडलेलं तांबं कापत मागे गेले, स्वच्छ लाल तांबं दिसेपर्यंत. हिरव्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. मधे त्याच जाडीच्या वायरचा तुकडा घातला, दोन्हीकडे सोल्डर, वर गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह, मग कापडी टेप. जोड ओढून बघितला. हार्नेस पत्र्याच्या धारेपासून दूर घेऊन दोन टायनं बांधला, इंजिनला हलायला जागा राहील एवढा सैल ठेवून. ताणून बांधला असता तर वायर दुसऱ्या जागी तुटली असती.

आणि मग चाचणी, जी मला सगळ्यात आवडली. मागच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला. तो मागच्या चाकांवर असतो, त्यामुळे पुढचं चाक मोकळं राहतं. पुढची डावी बाजू जॅकवर उचलली, खाली स्टँड दिला, कारण नुसत्या जॅकवरच्या गाडीजवळ अण्णा कुणाला बसू देत नाहीत. गियर न्यूट्रलला, चावी चालू, इंजिन बंद. टाचणी पुन्हा सिग्नलच्या वायरवर. मी चाक हातानं हळू फिरवायला लागले. मल्टीमीटरवर 4.9, मग 0.1, मग 4.9, मग 0.1. चाकाचा एक पूर्ण फेरा झाला की हे साधारण दोनदा व्हायचं. चाकाच्या एका फेऱ्याला सेन्सरचा दांडाही साधारण एकच फेरा मारतो, मग चारऐवजी दोनच पल्स का, असं विचारलं तर अण्णा खूश झाले. उजवं चाक जमिनीवर थांबलेलं आहे. एकच चाक फिरलं की डिफरन्शियलचा मोठा गियर निम्मा फिरतो, म्हणून पल्सही निम्मे. मी नंतर कागदावर मांडून बघितलं, हिशोब जुळला.

तिथं एका रिक्षावाल्यानं विचारलं की केबलवाल्या जुन्या गाडीत कसं शोधायचं, तेही लिहिते, कारण तशा गाड्या आणि रिक्षा आपल्याकडे अजून बऱ्याच आहेत. तिथं वीज नाहीच. गियरबॉक्सपासून मीटरपर्यंत नळीत फिरणारी तार असते. मीटरमध्ये ती एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, तिला चुंबक चिकटत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरा करंट तयार होतो आणि तो वाटीला सोबत ओढतो. बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. दोघांची जिथं बरोबरी होते तिथं काटा थांबतो. ऑटो शुल्झ या जर्मन अभियंत्यानं 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढे कित्येक दशकं जगभरच्या गाड्या याच तत्त्वावर वेग दाखवत राहिल्या. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडलीय किंवा कुठं तिला मुरड पडलीय. काटा आणि किलोमीटर दोन्ही बंद असतील तर आधी गियरबॉक्सकडचा नट सैल झालाय का बघायचं, मग आतली तार ओढून बघायची. निम्मीच हातात आली तर उत्तर मिळालं. किलोमीटर पळताहेत आणि काटाच पडलाय, तर केबल चांगली आहे, मीटर उघडा.

गाडी जोडून झाल्यावर यंत्रानं कोड पुसला. इंजिनचा दिवा गेला. काटा उठला, आणि आसरा चौकात गाडी थांबवताना आरपीएम हलले नाहीत. तरी काटा उठणं वेगळं आणि काटा बरोबर असणं वेगळं. महामार्गावर किलोमीटरचे दगड असतात, मधे दर 200 मीटरला लहान दगड. रविवारी सकाळी रहदारी कमी असताना काटा 60 वर स्थिर ठेवून एका मोठ्या दगडापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ भाच्यानं मोजला. ताशी 60 म्हणजे किलोमीटरला बरोबर 60 सेकंद. आम्हाला 63 लागले. 3600 ला 63 नं भागलं की 57. जीपीएसही 57 सांगत होतं.

हा दोष नाही, हे मुद्दाम सांगते, कारण एवढ्यावरून मीटर "सेट करून" घ्यायला जाणारे लोक मी बघितलेत. स्पीडोमीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, थोडं जास्त चालेल, अशीच त्याची रचना ठरवलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या 39 क्रमांकाच्या नियमात ही सूट खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी 4 किलोमीटर इतकी आहे. टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो, फेरे वाढतात आणि काटा आणखी जास्त दाखवतो. उलट कुणी हौसेनं मोठे टायर टाकले तर काटा कमी दाखवायला लागतो, आणि ते खरं धोक्याचं. ट्रिपमीटरही दगडांशी ताडून बघितला, दहा किलोमीटरला फरक नगण्य होता.

खर्चाचं सांगायचं तर वायर, स्लीव्ह, ओ-रिंग आणि अण्णांची मजुरी मिळून जे झालं ते नव्या सेन्सरच्या किमतीपेक्षाही कमी, मीटरच्या सेटशी तर तुलनाच नको. अण्णांनी सांगितलेल्या रकमेपेक्षा मी थोडे जास्त दिले. त्यांच्या डोक्याचे ते पैसे होते.

राहिले न मोजलेले किलोमीटर. काटा बंद असताना गाडी जिथं जिथं गेली ती गावं डिलिव्हरीच्या चलनांवर होतीच. त्यावरून अंतरं मांडली, मग वहीतल्या सरासरीनं भरलेल्या पेट्रोलशी ताडून बघितली. दोन्ही आकडे जवळ आले. तो आकडा मी सर्व्हिस बुकमध्ये तारखेसह लिहिला: या काळात ओडोमीटर बंद होता, प्रत्यक्ष धाव यात इतकी जास्त धरावी. ऑइल बदलायची आणि टायमिंग बेल्टची वेळ मी आता त्या बेरजेवरूनच धरते. उद्या गाडी विकली तर घेणाऱ्याला हे पान दाखवणार आहे. जुन्या गाडीच्या बाजारात किलोमीटर मागे फिरवणारे आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याची किंमत ब्रेक, बेल्ट, टायर वेळेवर न बदलणाऱ्या पुढच्या माणसाला मोजावी लागते.

आता भाच्याच्या गाडीनं तोच दिवा दाखवलाय. त्याची गाडी नवी, एबीएसवाली. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, आणि अशा पुष्कळ गाड्यांत गियरबॉक्सवर वेगाचा सेन्सरच नसतो. चारही चाकांच्या सेन्सरांकडून वेग एबीएसच्या युनिटला जातो आणि तिथून मीटरला. त्यामुळे तिथं सुरुवात चाकाकडून करायची. एबीएसचा दिवाही लागलाय का, चारही चाकांचे वेग यंत्रावर सारखे दिसताहेत का, कुठल्या चाकाची वायर सस्पेन्शनजवळ घासलीय का. अण्णांनी रविवारी गाडी आणायला सांगितलंय, आणि वहीत काय चालू, काय बंद ते आधी लिहून आणायचं, हेही.